वशिंड्याची वाट

पडदा वर गेला की आधी डोंगर दिसायचा. खाली सागाचं रान, वर बैलाच्या वशिंडासारखा फुगीर माथा, त्यामागे पिवळं पडत चाललेलं आभाळ, आणि मधोमध, माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतरलेला एक काळोखा नाला. मैदानात बसलेल्या माणसांची कुजबुज थांबायची. विंगेत पेटीचा सूर लागायचा आणि त्या नाल्यातून मी बाहेर यायचे. कधी डाकूची बायको, कधी सासर सोडून पळालेली सून, कधी वनदेवी. टाळ्या पडायच्या. त्यांतल्या निम्म्या डोंगराच्या असत, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

तो डोंगर हेमराज धकाते यांनी रंगवला होता. आता हेमराज नाहीत. पडदा कुठल्याशा गोदामात उंदरांनी खाल्ला. टाळ्या देणारे हात किती उरले असतील, कोण जाणे. आमच्या धंद्यात नटाचं नाव निदान हँडबिलावर तरी छापलं जातं. पडदा रंगवणाऱ्याचं कुठेच नसतं. म्हणून हे लिहिते आहे.

हेमराज नागपूरच्या तांडापेठेतले, विणकर कोष्ट्याच्या घरचे. वडील लुगडी विणायचे. हेमराजही मिसरूड फुटायच्या आधी मागावर बसले, पण लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. माग उकलले, त्यांचं लाकूड चुलीत गेलं, आणि हेमराजांनी हातात ब्रश घेतला. आधी दुकानांच्या पाट्या, मग आमच्या नाटकमंडळीचे पडदे. दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावजत्रांचा, हंगाम लागला की आम्ही नागपूरहून निघून भंडारा-गोंदियाकडे गावोगाव खेळ करायचो, आणि हेमराज रंगांचे डबे घेऊन सामानाच्या ट्रकवर बसून यायचे. इतर रंगारी कापड भिंतीला ठोकून उभ्याने रंगवत. हेमराज मांजरपाट जमिनीवर अंथरून त्यावर अनवाणी उकिडवे बसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कापडाशी माही ओळख बसून आहे, बाई. उभ्यानं बोलणं होत नाही."

पडद्यावरचा डोंगर खरा होता. नाव वशिंड्या. पारशिवनीच्या पुढे, रानात. त्याच्या पायथ्याशी पिंपळझरी नावाचं गाव होतं, आणि हेमराजांची बायको अनुसया त्या गावची. "सासुरवाडीनं हुंडा नाही देला, डोंगर देला," असं ते सगळ्यांना सांगायचे. अनुसया शेजारी असली तर म्हणायची, "अन् तो बी धड सांभाळला नाही यायनं."

वशिंड्याच्या माथ्यावर महादेव. देऊळ नाही, एका दगडाभोवती रोवलेले त्रिशूल. ज्याचा नवस त्याने त्रिशूल स्वतःच्या खांद्यावरून वर न्यायचा. त्याला जमलं नाही तर नवऱ्याने किंवा बायकोने, नाहीतर ज्याच्यासाठी नवस बोलला त्याने. चौथ्याचा खांदा चालत नाही. आणि एकदा हातात घेतलेला त्रिशूल माथ्यावर पोचेपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. थकलं तर झाडाला टांगा, दुसऱ्याच्या हातात द्या, पण खाली नाही.

त्यांची मुलगी दामिनी तान्ही असताना तापाने फणफणली होती. अनुसया तांडापेठेतल्या अंगणात उत्तरेकडे तोंड करून उभी राहिली आणि त्रिशूल बोलून बसली. दामिनी वाचली. त्रिशूल आणला, आढ्याला टांगला. या साली नेऊ, पुढच्या साली नेऊ असं करता करता पिंपळझरी गाव उठून डांबरी रस्त्याच्या कडेला नव्या जागी गेलं. डोंगरावर जाणारे पाय थांबले, पायवाट रानाने गिळली. मग अनुसयेचे गुडघे गेले. मग ती स्वतःच गेली. शेवटच्या दुखण्यात तिने हेमराजांपाशी काही मागितलं नाही. आढ्याकडे बघून फक्त एवढंच म्हणाली, "तेवढं राहिलं."

त्यानंतर हेमराज मनीषनगरला दामिनीच्या फ्लॅटवर राहायला आले. सोबत कपड्यांची एक पेटी आणि तो त्रिशूल. वडिलांनी विणलेल्या शेवटच्या लुगड्याचा एक तुकडा अनुसयेने जपून ठेवला होता, त्यात त्रिशूल गुंडाळून त्यांनी गॅलरीत कपड्यांच्या दोरीच्या हुकाला टांगला. दामिनी ओले कपडे घेऊन गॅलरीत गेली की त्रिशुळाची दांडी तिच्या कपाळाला लागायची. "बाबा, एक दिवस हा माहा डोळा फोडंन!" हेमराज म्हणायचे, "तुही माय आहे ते. जरा सरकून जात जा."

मग डॉक्टरांनी सांगितलं की हेमराजांचं हृदय थकलं आहे, जिने टाळा. त्या दिवसापासून हेमराजांना एकच ध्यास लागला. येत्या माघात त्रिशूल वर गेला तर गेला, नाहीतर कधीच नाही. माघच का, तर तोवर सागाची पानं गळून रान विरळ होतं, नजर लांब जाते, आणि ऊन अजून डोक्यावर बसलेलं नसतं.

मला त्यांनी प्रतापनगरहून बोलावून घेतलं. गेले तर दिवाणखान्यात जुनी चादर अंथरलेली, तिच्यावर कोळशाने वशिंड्या काढलेला, आणि हेमराज तसेच उकिडवे बसलेले. मी हरखले. तोच माथा, तेच रान, तोच नाला. मागे पेटी वाजायची तेवढी बाकी होती. जावई दुर्गेश सोफ्यावर मोबाइल घेऊन बसला होता. मिहानातल्या एका कंपनीत नोकरी करणारा, शांत मुलगा. सासऱ्याला इकडे म्हणतात तसं मामाजी म्हणायचा.

"मामाजी, हे पाहा. वरून घेतलेला फोटो आहे. पूर्वेकडून ही धार चढते. दगडच दगड, झुडपं कमी. लांब पडते, पण कुठं चाललो ते दिसत राहते."

"धारेवर सावली नाही, दुर्गेशराव. अन् हे तुमचं यंत्र वरून झाडाचे डोस्के दाखवते. पायाखालचं दाखवते काय?"

"मग पश्चिमेकडून?"

"तिकडं बांबू आहे. बांबूत माणूस शिरते, निघत नाही." हेमराजांनी कोळशाचं बोट नाल्यावर ठेवलं. "हे पाहा. पावसाळ्यात पाणी ह्याच्यातून धावते. खालचे दगड धुऊन निघतात, झुडूप टिकत नाही. नाला म्हणजे डोंगरानं स्वतः पाडलेली वाट. अन् सावली आयती."

"पण नाल्याचं तोंड मले कुठंच दिसून नाही राहिलं."

"झाडानं झाकलं असंन. मी गेलो आहो न त्याच्यातून! लग्न झालं त्या साली. अनुसया पुढं, मी मागं. हिरवं लुगडं होतं तिचं."

आतून दामिनीचा आवाज आला. "चौथी वाट सांगू काय? घरी बसा. मी चाळिशीची झाली, केस पांढरे झाले. जिवंत आहो ते देवाले त्रिशुळाबिगर दिसत नाही काय?"

"तू चूप बस वं. तुह्यासाठीच चालून राहिलं हे सारं."

"म्हणूनच म्हणून राहिली!"

हेमराज माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा. त्या नाल्यातून तुमच्याइतकं कोणी आलं-गेलं नसंन."

मी म्हटलं, "त्यातून मी फक्त खाली आले, हेमराजजी. वर कधी गेले नाही." सगळे हसले. दामिनीसुद्धा हसली. आणि नाला ठरला.

निघालो ते उजाडल्यावर, चहा घेऊन. दामिनी आली नाही. डबा मात्र भरून दिला आणि दुर्गेशला जिन्यात हळूच म्हणाली, "यायले दम लागला की परत आणजो." गाडीत त्रिशूल माझ्या मांडीवर आडवा, टोक खिडकीबाहेर. नव्या पिंपळझरीत थांबून विचारलं, पण वशिंड्यावर गेलेलं माणूस तिथे उरलं नव्हतं. तरणे नागपूरला कामाला, आणि म्हातारे गेलेले. एका बाईने लांबूनच डोंगराकडे बोट केलं आणि ती भाजी निवडत राहिली.

मग तो समोर आला. इतकी वर्षं मी ज्याच्याकडे पाठ करून उभी राहिले होते, तो डोंगर. माथा हुबेहूब तसाच, वशिंडासारखा. पण कापडावर होता त्यापेक्षा करडा, रोगट, आणि कुणाचीही वाट न बघणारा. गवत वाळलेलं, साग उघडेबोडके. मधोमध एक गडद पट्टा दिसत होता.

"तो पाहा," हेमराज म्हणाले. त्यांचा आवाज पोरासारखा झाला होता. मलाही तो नालाच दिसला. खोटं कशाला सांगू, मला पेटीही ऐकू आली.

पायथ्यापर्यंत सागाची पानं पापडासारखी मोडत गेलो. पुढे रायमुनिया, म्हणजे घाणेरी, लागली. तिची फुलं कुंपणावर बरी दिसतात. इथे ती डोक्याच्या वर गेलेली होती, काटेरी, एकमेकींत गुंतलेली. दुर्गेश कोयत्याने तोडत पुढे, हेमराज मध्ये, मी मागे. एक फांदी सोडवावी तर दुसरी पदर धरे. हेमराज थोडं चालून थांबत, त्रिशूल माझ्या हातात देत आणि म्हणत, "धरा बाई. अनुसया थकली." दम त्यांना लागलेला असायचा. दोघांनाही ते माहीत होतं.

त्या गडद पट्ट्यापाशी पोचलो तर ती भिंत निघाली. उभा कातळ, त्याला खेटून झाडांची दाट रांग, आणि त्या झाडांची सावली. लांबून दिसलेला काळोख तो एवढाच. नाला नव्हता, त्याचं तोंडही नव्हतं. धुतलेला एक दगडसुद्धा नव्हता.

"पलीकडं असंन," हेमराज म्हणाले. पलीकडे गेलो. रायमुनिया. अलीकडे आलो. कातळ. दुर्गेशचे हात रक्ताळले होते. हेमराज कातळाला तळवा लावून चालू लागले. बोटं पसरून, वरून खाली, मग थोडं पुढे सरकून पुन्हा वरून खाली. पडद्यामागच्या अंधारात, प्रवेशाची घंटा झाल्यावर, मी पडद्याची फट अशीच चाचपत असे.

हेमराजांचा हात थांबला. ते वळले, आणि मला वाटतं आम्हाला दोघांना ते एकाच वेळी कळलं.

"बाई," ते म्हणाले, "हे तर तुमची फट."

दुर्गेशला काही कळेना. त्याला मीच सांगितलं. एका वर्षी आमच्या नाटकात नायिका जंगलातून एकाएकी प्रकटायची होती. विंगेतून चालत आले तर मजा जाते. म्हणून पडदा मधोमध उभा फाडला. फाडलेली जागा लपवायला हेमराजांनी तिच्यावर काळा नाला रंगवला. त्याआधी पडद्यावर नाला नव्हता. पुढे दर थोड्या वर्षांनी पडदा नवा व्हायचा, फट तिथेच, नालाही तिथेच. लोकांना तो आवडायचा. मलाही आवडायचा.

हेमराज एका दगडावर बसले. त्रिशूल मांडीवर आडवा.

"अनुसया पडदा पाहाले आली होती त्या साली," ते म्हणाले. "पाहून हासली. म्हणे, माह्या डोंगराचं पोट काहून फाडलं? मले वाटलं, मजाक करून राहिली. मग कधी काही बोलली नाही. मी दर डाव नाला काढत गेलो. हात फिरत गेला अन् ते डोस्क्यात बसत गेलं."

दुर्गेशने हळूच विचारलं, "मग लग्नाच्या साली कोणत्या वाटेनं चढले होते, मामाजी?"

कुठेतरी एक होला बोलत होता.

"आठवत नाही," ते म्हणाले. "मले नालाच आठवते. अनुसया पुढं चालून राहिली, हिरवं लुगडं, मांगं वळून पाहून राहिली, म्हणते, या न लवकर. सारं दिसते. अन् आजूबाजूले नाला. आता नालाच नाही म्हटल्यावर..." त्यांनी कातळाकडे बघितलं. "मग ते कुठं चालून राहिली होती, बाई?"

मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं पाठ करून बोलले. मी त्यांच्या सदऱ्याला अडकलेले काटे काढत राहिले.

त्या दगडावरून पूर्वेची धार दिसत होती. उन्हात, उघडी, पायऱ्या रचाव्या तसे दगड एकावर एक वर गेलेले. झुडूप असं नव्हतंच. माथ्याला जाऊन भिडली होती. दुर्गेशने तिकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. मी सांगितलं होतं न, असं तो म्हणाला नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

"मी घेऊन जाऊ का, मामाजी? तुम्ही दोघं इथं सावलीत बसा."

"तुम्ही चांगले आहा, दुर्गेशराव," हेमराज म्हणाले. "पण ते तुमच्या खांद्यावर बसणार नाही." आणि ते उठले. धारेच्या दिशेने, रायमुनियातून, कोयत्याची वाट न बघता. थोडं अंतर गेले. मग एका सागाच्या रोपट्याला धरून उभे राहिले. ओठ निळे पडले होते. खांदे वरखाली होत होते, पण त्रिशूल त्यांनी डोक्याच्या वर धरला होता, जमिनीपासून जमेल तेवढा लांब. आम्ही धावलो. मी त्रिशूल घेतला, दुर्गेशने माणूस.

डबा तसाच परत गेला. दामिनीने दार उघडलं, वडिलांचा चेहरा बघितला, आणि त्रिशूल स्वतःच्या हाताने घेऊन हुकाला टांगला.

मग हेमराज झपाट्याने खंगले. मी आठवड्याला एखादी चक्कर टाकायचे. चादर त्यांनी धुऊन घेतली होती. तिच्यावर ते पुन्हा पुन्हा डोंगर काढत, यावेळी नाल्याशिवाय. माथा यायचा, रान यायचं, आणि मग हात आपोआप मधोमध जाऊन वरून खाली ओढला जायचा. ते तळव्याने पुसून टाकत. पुसल्यावर तिथे काळा डाग उरायचा, म्हणजे पुन्हा नालाच. एकदा मला म्हणाले, "बाई, नाला निघून नाही राहिला. अन् त्याले काढावं, तर अनुसया बी निघून जाते." त्यानंतर त्यांनी कोळसा हातात घेतला नाही. बाहेरची फेरी बंद केली. गॅलरीत खुर्ची टाकून त्रिशुळाखाली बसून राहायचे. पावसाळ्यात त्याला गंज चढू लागला, तर रोज तेलाचं बोट फिरवायचे.

दसऱ्याच्या सुमारास त्यांना दवाखान्यात ठेवलं. मी गेले तेव्हा दुपार होती. खिडकीत ऊन, नाकात नळी, छाती वाजणारी. दामिनी पलंगाशी उभी राहून त्यांचे केस विंचरत होती. मग म्हणाली, विंचरता विंचरता, जणू भाजी आणायला जायचं आहे अशा आवाजात.

"बाबा, त्रिशूल मी नेतो माघात."

हेमराजांनी डोळे उघडले. "तू तर मानत नाही."

"नाही मानत. पण गॅलरीत कपडे वाळू घालाले जागा नाही. किती दिवस ठेवू?"

ते हसले. त्या हसण्याचा खोकला झाला, तो थांबेपर्यंत आम्ही दोघींनी त्यांना धरून ठेवलं. दामिनीचे डोळे भरले होते, पण तोंडावर तोच तोरा.

"तुही माय बी अशीच बोले," ते म्हणाले.

"मग सांगा न, कुठून जाऊ?"

त्यांनी डोळे मिटले. पांघरुणावरचा उजवा हात हलला. एक बोट बाहेर आलं आणि चादरीवर माथा काढू लागलं, वशिंडासारखा. मग ते मधोमध आलं. बोट तिथे थांबलं. मग उचललं गेलं, उजवीकडे सरकलं, पूर्वेकडे, आणि खालून वर एक तिरपी रेघ चढत गेलं. माथ्याला भिडेपर्यंत.

त्या दुपारनंतर ते दोन दिवस होते, पण बोलले नाहीत. त्रिशूल अजून मनीषनगरच्या गॅलरीत आहे, आणि माघाला अवकाश आहे. दामिनी रोज तेल लावते. ती जाईलच, अशी मी ग्वाही देत नाही; माझं काम फक्त ऐकलेलं नीट सांगणं. त्या दुपारी रेघ काढून झाल्यावर त्यांनी दामिनीचा हात धरला आणि म्हणाले,

"ह्या धारेनं जाजो. अन् थांबत थांबत जा वं, तुही माय लवकर थकते."